मागच्या फळीची मोटर

गौलीगुडा, हैदराबाद
१२ मार्च १९९४

विजयराव,

मी तुम्हाला एक मोटर विचारली होती. तुम्ही रद्दी पाठवलीत. चार जाडजूड कॅटलॉग, त्यात दीडशे मोटरी, आणि वर तुमची एका ओळीची चिठ्ठी : "भाऊजी, यातली बघून कळवा." अहो, बघून मलाच ठरवता आलं असतं तर मिनेसोटाला पत्र कशाला लिहिलं असतं? तिथे दर दोन घरांमागे एक तळं आहे म्हणता. कुणा शेजाऱ्याला विचारायचं, चांगली आणि स्वस्त कोणती, संपलं. तुम्ही शिकलेली माणसं प्रश्नाचं उत्तर द्यायच्या ऐवजी ग्रंथालय पाठवता.

पुन्हा नीट लिहितो. आबासाहेब, म्हणजे तुमचे वडील आणि माझे सासरे, गेल्या जूनपासून तळ्यावर गेलेले नाहीत. लकव्याने डावा हात गेला. उजवा शाबूत आहे. त्याने गळ टाकता येतो, सही करता येते आणि माझ्या चुकांकडे बोट दाखवता येतं. पण वल्ही दोन आणि हात एक. नाव मल्लनचेरूच्या काठावर पालथी पडलीय आणि तिच्याखाली राखणदार यादगिरीच्या कुत्रीने पिलं घातलीत. यादगिरीला वल्ही मारायला बसवावं तर तो बोलतो, आणि नावेत बोलणारा माणूस आबासाहेबांना चालत नाही. मी बोलणार नाही, कारण माझी दातखीळ बसलेली असेल. आम्ही देगलूरची माणसं, पाणी पाहिलं ते घागरीतलं. मला पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, कारण माझ्या लग्नात तुम्ही त्यावर विनोद केला होता.

मग ते दिवसभर बसणार कुठे? माझ्या दुकानात, जळालेल्या मोटरींना मी नवी तार गुंडाळत बसतो तिथे. सकाळी चिक्कडपल्लीहून माझ्याच स्कूटरवर मागे बसून येतात आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर कोर्ट भरवतात. परवा मेडकहून एक रेड्डी जळालेली पंपाची मोटर घेऊन आला.

"जळाली, की जाळली?" आबासाहेब.

"नाही सार, व्होल्टेज कमी होतं."

"साक्षीदार कोण?"

रेड्डी मोटर उचलून समोरच्या दुकानात गेला.

जानेवारीत घरी केबल आली. कुठल्याशा परदेशी चॅनेलवर एक गोरा माणूस नावेत बसून चाललेला. आबासाहेब म्हणाले, "रंजना, आवाज का बंद केलास?" ती म्हणाली, "आबा, आवाज चालूच आहे." खरंच होता. पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येत होती. मोटरच वाजत नव्हती! जेवायला बसलो. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "नामदेवराव, ही तुमच्याकडे होते का?"

आठ महिन्यांत त्या माणसाने मागितलेली ही पहिली वस्तू. पाणीसुद्धा मागत नाहीत, दिलं तर पितात. म्हणून तुमच्यामागे लागलोय.

पेट्रोलचं इंजिन नको. तळ्याचं पाणी आसपासची गावं पितात, पंचायत लावू देत नाही, आणि आबासाहेब तर मुळीच देणार नाहीत. बॅटरीवरची, बिनआवाजाची, स्वस्तातली हवी. किंमत ते विचारणार आणि पेन्शनमधून देणार, म्हणून स्वस्तातली.

आणि ती तुमच्याकडून येतेय हे त्यांना कळू द्यायचं नाही. चार वर्षांपूर्वी तुम्ही तो फोटो पाठवलात. नावेत मागे तुम्ही, पुढे कुणी गोरा म्हातारा, मध्ये हातभर मासा. फोटोमागे लिहिलंत, "संध्याकाळी भाजून खाल्ला. फार छान लागला." छान लागला हे लिहायची काही गरज होती का? जन्मभर धरलेला प्रत्येक मासा ज्या माणसाने पाण्यात परत सोडला, तुमच्या आईंनी गळाची दांडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही म्हणून जो ती जिन्याखाली ठेवत आला, त्याला? तेव्हापासून तुमचं नाव घरात निघत नाही. मी त्यांच्या देखत मटण खातो, मला काही म्हणत नाहीत. जावयाने खाल्लं तर जावयाची जात, मुलाने खाल्लं तर घर बाटलं. कायदा त्यांचा, निकाल त्यांचा. आपण फक्त मोटर बघायची.

एकच नाव कळवा. पुस्तक नको.

नामदेव

*

गौलीगुडा
२० एप्रिल १९९४

विजयराव,

तुमची शिफारस मिळाली. पायाने चालवायची, नावेच्या पुढच्या टोकाला बसणारी, हात दोन्ही मोकळे राहतात. अगदी बरोबर वाटली. एका हाताच्या माणसाला पायाची मोटर, याहून सरळ हिशेब कुठला? तुम्ही इंजिनियर आहात हे पहिल्यांदा मान्य करावंसं वाटलं.

कॅटलॉगवरचं तुमचं नाव खरवडलं, सिकंदराबादच्या एका एजंटाने दिलेत अशी थाप मारली आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. भिंग घेऊन बसले. दोन दिवस कोर्टाला सुट्टी, माझ्या गिऱ्हाइकांची सुटका. तिसऱ्या दिवशी निकाल.

पायाची मोटर : "मी काय शिलाई मशीन चालवायला बसतोय?"

स्वतःहून दिशा धरणारी मोटर : "मग मी कशाला जायचं? तिलाच पाठवा तळ्यावर."

मग मी लांब होणाऱ्या दांड्याची दाखवली. मोटर मागे राहते, दांडा ओढला की माणूस नावेच्या मध्यावर बसून वळवू शकतो. ती बघून म्हणाले, "एका हातात दांडा. गळ काय दातात धरू?"

इथवर मुद्दा बरोबर होता, मी मान डोलावली. पुढचं ऐका. त्यांनी कोणती पसंत केली? मागच्या फळीला अडकवायची, हाताच्या छोट्या मुठीने वळवायची, सगळ्यात साधी. अहो, मोटर मागच्या फळीवर आणि हे बसणार पुढच्या टोकाला, गळ घेऊन. मी म्हटलं, "आबासाहेब, तुमचा हात काय रबराचा आहे का?"

"ते माझं मी बघेन."

"पण बघणार कसं? मोटर वळवणार कोण?"

"नामदेवराव, तुम्ही मोटर बांधणारे. मोटरीपुरतं बोला."

बरं, बोलतो. या तुमच्या मोटरींची ताकद पाउंडात का मोजतात? टोमॅटो आहेत का? इतकी वर्षं मी हॉर्सपॉवरवर जगलो. शेवटी बारा व्होल्ट आणि तीस अँपिअरचा गुणाकार मांडला तेव्हा कळलं की अर्धा हॉर्सपॉवरसुद्धा धड नाही. आपल्या गच्चीवर पाणी चढवणारी मोटर याहून दणकट आहे. पण त्या लहान नावेला पुरेल. बॅटरीचं मी बघतो. लॉरीची घेतली तर ती एका झटक्यात सगळा जोर देते आणि तळ्याच्या मध्ये मान टाकते. हल्ली लोक घरात इन्व्हर्टर बसवतायत, त्याची जड बॅटरी सावकाश उतरते, तीच घेणार.

म्हणजे मोटर ठरली, बॅटरी ठरली, फक्त माणूस ठरत नाही. तुम्हीच सांगा, या म्हाताऱ्याला चालवता न येणारी मोटरच का हवी आहे? रंजना म्हणते, हट्ट. मी म्हणतो, हट्टालाही काही वाइंडिंग असतं, कुठून तरी सुरू होतं आणि कुठे तरी संपतं. याचं टोक सापडत नाही.

परेशान,
नामदेव

*

गौलीगुडा
१९ जून १९९४

विजयराव,

हसू नका. रंजनाने तुम्हाला फोन केल्याचं मला कळलंय, आणि एसटीडी बूथवाल्याने ते सगळं ऐकून अख्ख्या नारायणगुड्याला सांगितलंय. तेव्हा खरी हकीकत माझ्या हातची वाचा.

बाहेरचा माल यायला लागल्यापासून गिऱ्हाईक मला म्हणतं, "जुनी बांधून नको सेठ, नवीनच घेतो." ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मनात आलं, कशाला पाहिजे अमेरिका? आपण बांधू. मारुतीच्या रेडिएटरला जो पंखा असतो त्याची मोटर घेतली. बारा व्होल्टचीच असते. हातभर लोखंडी पाइपाच्या टोकाला बसवली, ग्रीस भरून सील केली, टेबलफॅनचं पातं कापून पुढे लावलं आणि वर सायकलच्या हँडलची मूठ. दिसायला बरी नव्हती, पण दुकानातल्या टाकीत पाणी असं उसळलं की आबासाहेब स्टूल मागे घेऊन म्हणाले, "पुरावा दाखल करून घेतला."

रविवारी मल्लनचेरू. पिलं आता मोठी झालीत, कुत्रीला समजावून नाव सुलटी केली. आबासाहेब पुढे, मांडीवर दांडी. मागे बसायला यादगिरी तयार होता. आबासाहेब म्हणाले, "तो नको." मग राहिलं कोण? तुमचा भाऊजी. काठावरून यादगिरी आनंदाने ओरडला, "अल्लुडुगारू चढला! अल्लुडुगारू चढला!" तेलुगूत जावयाला इतक्या आदराने हाक मारतात आणि असं हसतात.

बटण दाबलं. नाव सुटली. मग ती डावीकडे वळली, वळतच राहिली आणि एक वर्तुळ पुरं करून दुसरं काढायला लागली.

"मूठ धरा, नामदेवराव."

"धरलीय."

"ती मूठ नाही. ती फळी आहे."

खरं सांगतो, दोन्ही हात फळीला चिकटले होते, सुटेनात. काठावरून आवाज आला, "क्या साब, बोट को चक्कर आ रा क्या?" चौथ्या चकरेला मोटरीचा सूर बदलला. माझे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते. आत पाणी शिरलंय हे मला तेव्हाच कळलं. सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग काय? गुरगुर झाली, मग काहीच नाही. यादगिरी टोपलीसारख्या गोल नावेतून वल्हवत आला आणि आम्हाला म्हशीसारखं दोरीने ओढून नेलं. सगळा वेळ बोलत होता.

काठावर उतरल्यावर आबासाहेब म्हणाले, "आवाज ऐकलात?"

"ऐकला. आतला बुश घासत होता."

"मासे बहिरे नसतात, नामदेवराव."

एवढंच. पण घरी येताना स्कूटरवर मागून काहीतरी हलत होतं. मला वाटलं थंडी भरली. बघतो तर हे हसतायत. रात्री दोन भाकरी खाल्ल्या आणि रंजनाला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने आज चंद्रासारखी प्रदक्षिणा घातली."

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की तो माणूस एका दिवसासाठी तळ्यावर गेला आणि दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धी. तुम्ही तिथे तुलनात्मक तक्ते करत बसलायत. लवकर करा.

नामदेव

*

गौलीगुडा
७ ऑगस्ट १९९४

विजयराव,

तुमचं पत्र वाचून मी ते रंजनाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तिने पुढची राखी पाठवली नसती.

"आबांना यातलं काय कळतं, पायाचीच घेऊन टाकतो, मित्राबरोबर पाठवतो, एकदा बघितली की वापरतील." असं तुम्ही लिहिता. ज्यांनी तुम्हाला चौथीपासून वकिली युक्तिवाद शिकवले त्यांना काय कळतं? घेऊन टाकू नका. तुम्ही पाठवाल, हे उघडतील, दोन पेडल बघतील आणि तुमची महागडी मोटर पुढची दहा वर्षं जिन्याखाली गळाच्या दांडीला सोबत करेल. वर मला विचारतील की सिकंदराबादच्या एजंटाला आपल्या पायांची एवढी काळजी का. मी किती थापा मारू?

आणि आणखी एक. दोन आठवडे ते दुकानात येत नाहीत. ताप नाही, दुखत नाही. डॉक्टर बघून गेले, वय झालं म्हणाले. वय कालही झालेलं होतं. स्टूल रिकामं आहे. तो मेडकचा रेड्डी परवा स्वतःहून आला आणि म्हणाला, "जज्जसाब किधर है?" कोर्टात कारकून होते, जज्ज नव्हते, असं मी सांगणार होतो, पण सांगवलं नाही.

टीव्हीवर तो गोरा लागला तरी उठून आत जातात. परवा दांडीचं रीळ मी तेल घालायला काढलं तर म्हणाले, "राहू द्या. कुणाला द्यायची असेल तर देऊन टाका."

तुम्ही पाउंड मोजत बसा.

नामदेव

*

गौलीगुडा
२५ सप्टेंबर १९९४

विजयराव,

हे पत्र बसून वाचा. आणि माझ्यावर रागवायचं तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

तुम्हाला माझ्या कानांचा धंदा माहीत आहे. मोटर उघडायच्या आधी मी ती ऐकतो. याच घरात मी पहिल्यांदा आलो तो विहिरीच्या पंपासाठी, आणि न उघडता बेअरिंग सांगितलं म्हणून आबासाहेबांनी मला चहा पाजला. त्या चहाचं पुढे काय झालं ते तुमच्या बहिणीला विचारा. सांगायचं इतकंच, की ज्या कानांनी मी लोकांच्या मोटरी ओळखतो ते कान पाच महिने या घरात ठेवून मी झोपलो होतो.

काल दुकानातून लवकर आलो. जिन्यात चपला काढत होतो. आत टीव्ही बंद. रंजना मेथी निवडत असावी, देठ मोडल्याचा आवाज येत होता. आबासाहेब म्हणाले,

"रंजना, तो पुढे बसलेला म्हातारा कोण?"

"कुठला पुढे बसलेला, आबा?"

"फोटोतला."

मी तिथेच थांबलो. चार वर्षांत त्या फोटोचा उच्चार घरात झाला नव्हता. रंजनाचेही देठ थांबले.

"शेजारी आहेत त्याचे. त्याने तेव्हाच लिहिलं होतं ना."

"शेजारी." मग म्हणाले, "शेजाऱ्याला घेऊन जातो."

रंजना म्हणाली, "त्याने मासा खाल्ला म्हणून रागावला होतात ना?"

"मासा खाऊ दे गं. मासा कोण विचारतंय? इथे असताना एकदा आला का माझ्याबरोबर? दांडी घेऊन निघालो की हा रस्त्याच्या पलीकडून चालायचा. चिक्कडपल्लीच्या चौकात मास्तर भेटतील, मित्र भेटतील, बाप कोळी झाला म्हणतील. त्याच बसने कुठे जायचं असलं तरी वेगळा बसायचा. आणि तिथे जाऊन परक्या म्हाताऱ्याच्या मागे मोटर धरून बसलाय. कसा बसलाय बघितलंस? पाठ सरळ. नजर पुढच्याच्या दांडीवर. कुणी शिकवलं त्याला?"

विजयराव, मी पुन्हा चपला घातल्या आणि खाली जाऊन पानाच्या ठेल्यावर उभा राहिलो. पान खाल्लं नाही.

पायाची मोटर नको. आपोआप चालणारी नको. लांब दांड्याची नको. एकट्याला चालवता येईल अशी कुठलीच नको. यादगिरी नको. मी चालवली तेव्हा हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी भाकरी. मी मूर्ख, मला वाटत होतं त्यांना मोटर निवडता येत नाही. त्यांनी तर एप्रिलमध्येच निवडली होती. मागच्या फळीची, हाताने वळवायची, जिच्यापाशी दुसरा माणूस बसावाच लागतो अशी. आपणच दीडशे मोटरी चाळत बसलो.

मी तुम्हाला काही उपदेश करत नाही. तो रस्ता ओलांडून चालणारा मुलगा मी पाहिलेला नाही. मी देगलूरहून आलो तेव्हा माझ्याच अंगावर इतकं ग्रीस असायचं की लोक माझ्यापासून रस्ता ओलांडायचे. त्यामुळे त्या वयाबद्दल मी बोलणार नाही. आबासाहेबांना मी ऐकलेलं माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

नामदेव

*

गौलीगुडा
३० ऑक्टोबर १९९४

विजयराव,

हो. सगळ्यात स्वस्त. तीस पाउंड ताकदीच्या आसपासची. दांडा आखूडच हवा, लांब होणारा नको. पाण्यात उतरणारा शाफ्ट मात्र जरा लांब घ्या, आपल्या नावेची मागची फळी उंच आहे. रंजनाने शिवणाच्या टेपने मोजून आणलेलं माप सोबत पाठवतोय. मोटरीत झिजणारे कार्बनचे जास्तीचे तुकडे नकोत, ते मी इथे घासून बनवीन.

पोस्टाने नाही. मित्राबरोबर नाही. सुट्टी मिळत नाही, डिसेंबरात ऑफिसात काम आहे, तिकिटं महाग आहेत, हे तुम्ही मला तीन पानांत लिहिलंत. माझ्याकडे कशाला लिहिता? मी तुम्हाला सुट्टी देणारा कोण? मोटर आपली आपण हातात घेऊन यायची की नाही, एवढंच कळवा. एका ओळीत. तुम्हाला एका ओळीत लिहिता येतं, मार्चमध्ये लिहिली होती.

मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं तर खरं सांगा. वडिलांसाठी आहे म्हणा.

नामदेव

*

गौलीगुडा
१२ फेब्रुवारी १९९५

विजयराव,

सुखरूप पोचल्याचा फोन रंजनाने घेतला होता. मी दुकानात होतो. दुकानात म्हणजे कोर्टात. स्टूल पुन्हा भरलंय. काल एका हॉटेलवाल्याला त्याच्याच मिक्सरबद्दल दंड ठोठावला.

तुम्ही इथे होतात तेव्हाचं तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही दारात मोटरचं खोकं घेऊन उभे, आणि ते म्हणाले, "प्रवासात त्रास झाला नाही ना?" जसे काही तुम्ही वरंगळहून आलात. तुमचा चेहरा पडला. मी मागे उभा राहून कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे तुम्ही दोघं मल्लनचेरूवर, आणि मी काठावर यादगिरीबरोबर शेकोटीजवळ. पाण्यावरून आवाज लांब येतो. तुम्ही दोघं तासन्‌तास एक शब्द बोलला नाहीत. मोटर तर वाजतच नव्हती. यादगिरी मला म्हणाला, "झगडा हुआ क्या दोनों में?" मी म्हटलं, मिट रहा है. शेवटच्या दिवशी चौकातून दांडी तुम्ही खांद्यावर घेऊन आलात, मधोमध रस्त्यातून. किराणावाल्याने हाक मारली, "विजयबाबू, क्या मिला?" आणि तुम्ही म्हणालात, "मिला था, छोड दिया." आबासाहेब पुढे चालत होते, वळून बघितलं नाही. पण चाल हळू केली. मी मागून बघत होतो.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, सुटलो. आता मोटर आहे, यादगिरीला बसवतील. पहिल्याच रविवारी सकाळी दार वाजलं. "नामदेवराव, चला." आता मागे मी! दोन हवा भरलेल्या ट्यूबा अंगाला बांधून बसतो, लाज सोडली. मूठ धरायला शिकलोय. सरळ जाते, वळतेही. तीनदा मासा लागला, तिन्ही वेळा सोडला. भाकऱ्या दोन, कधी अडीच.

पण ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. नावेत बोलणारा माणूस चालत नाही म्हणणारा हा माणूस स्वतः बोलायला लागलाय!

"विजय असं वळवत नव्हता."

"विजय खडकाजवळ आधीच सावकाश करायचा."

"तुम्ही बटणं का दाबता? विजय वेग दोनवरच ठेवायचा."

जन्म गेला माझा मोटरींत. ती बॅटरी माझी, तिची वायर मी जोडली, मोटरीचं बेअरिंग मी महिन्याने उघडून बघणार. आणि काल, गळ टाकून, माझ्याकडे पाठ करून, तळ्याला सांगावं तसं म्हणाले, "विजयचा हात हलका आहे. तुमचा जड."

मी म्हटलं, "हे त्याला लिहून कळवतो, आबासाहेब."

तर गर्रकन वळले. नाव हलली, माझा जीव गेला. "खबरदार! मुळीच लिहायचं नाही. डोक्यात जाईल त्याच्या."

म्हणून हे पत्र दुकान बंद करायच्या आधीच पेटीत टाकतोय.

नामदेव